उन्हाळ्यातील जलाशय आणि शिवडा-शिंगाळ्यांची ठिकाणे

होळी होऊन गेली की दख्खनच्या पठारावरील जलाशयांचे पाणी दिवसेंदिवस काठ सोडू लागते. कालवे वाहत असतात, शेतीपंपांचा उपसा चालू असतो, आणि उन्हाने वाफ होऊन जाते ती निराळीच. पौषात जेथे होडी तरंगत होती तेथे वैशाखाच्या अखेरीस भेगाळलेला गाळ दिसतो. पाणी आटेल तसे मासे एकत्र येतात, तेव्हा उन्हाळ्यात मासा हमखास मिळावयाचा, असा समज सर्वत्र आहे. कटला, रोहू, मृगळ यांच्या बाबतीत तो पुष्कळसा खरा आहे. शिवडा, शिंगाळा, घोगऱ्या अशा मिशाळ माशांच्या बाबतीत मात्र तो अर्धाच खरा ठरतो. धरणाच्या भिंतीलगतच्या खोल पाण्यात सोडलेली जाळी सकाळी रिकामी निघतात, आणि त्याच रात्री पाच मैल वर, जेमतेम दोन पुरुष पाण्यात, कोणाच्या तरी गळाला सात-आठ किलोंचा शिवडा लागतो. याला लोक नशीब म्हणतात. नशिबाचा भाग त्यात थोडा असून पाण्याच्या घडणीचा भाग मोठा आहे.

हा मासा कोठे असतो हे समजणे मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांना जितके उपयोगाचे आहे, तितकेच जलाशयाकाठी जमिनी असलेल्या शेतकऱ्यांना व त्या गावांत काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांनाही आहे. कारण उन्हाळ्यात या माशाचा आसरा आणि शेतकऱ्याचे पाणी ही दोन्ही एकाच ठिकाणी येऊन भिडतात.

मिशाळ मासे कसे ओळखावे

प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत ज्यांना मार्जारमीन म्हणतात ते हे मासे. अंगावर खवले नसतात; कातडी नितळ व बुळबुळीत असते; तोंडाभोवती मांजराच्या मिशांसारखे तंतू असतात. या मिशा शोभेच्या नाहीत. गढूळ पाण्यात व अंधारात स्पर्श आणि चव या दोहोंचे काम त्या करतात. त्यामुळे जेथे डोळ्यांवर विसंबणारा मासा आंधळा होतो तेथे मिशाळ मासा सुखाने वावरतो.

शिवड्याचे डोके चपटे असते. तोंडाची भेग डोळ्याच्याही मागे गेलेली असते, आणि जबड्यांत बारीक दातांच्या दाट रांगा असतात. मिशांच्या जोड्या दोन. पैकी वरच्या जबड्याची जोडी फार लांब. पाठीवरचा पर आखूड, पण पोटाखालचा पर शेपटीपर्यंत लांबच लांब गेलेला असतो. हा मासा पक्का शिकारी आहे. शिंगाळ्याचे मुस्कट निमुळते असून मिशांच्या चार जोड्या असतात. पाठीच्या मागील भागावर एक मांसल पर असतो व त्यावर काळा ठिपका दिसतो. त्याच्या पाठीवरच्या व छातीकडच्या परांना काटे असतात. जाळ्यातून सोडविताना हात सांभाळावा, जखम झाल्यास ती चिघळते. घोगऱ्या ठेंगणा व जाड अंगाचा असून त्याचे काटे अधिकच करवती असतात.

खोल पाणी म्हणजे चांगले पाणी नव्हे

भीमा नदीवरील उजनी जलाशयाचे उदाहरण घ्यावे. सोलापूर जिल्ह्यातील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यांपैकी ६३ अब्ज घनफुटांहून अधिक मृतसाठा आहे. म्हणजे उपयुक्त साठ्यापेक्षा मृतसाठाच मोठा. उपयुक्त साठा संपला तरी जलाशय संपत नाही, हे उजनीचे वैशिष्ट्य होय. माशांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. पण २०२४ च्या उन्हाळ्यात याही मृतसाठ्यातून, उपयुक्त साठ्याच्या जवळजवळ ६० टक्क्यांइतके पाणी निघून गेले. पळसदेवचे पाण्याखाली गेलेले जुने देऊळ पाणी ओसरल्यावर उघडे पडते, हे इंदापूर तालुक्यातील लोकांच्या परिचयाचेच आहे. देऊळ उघडे पडले म्हणजे त्याच्या भोवतालची उथळ पाण्याची सारी पट्टी माशांना पारखी झाली, असा त्याचा दुसरा अर्थ आहे.

आता प्रश्न असा की उथळ पट्टी गेल्यावर मासा भिंतीजवळच्या सर्वांत खोल पाण्यात का जात नाही? याचे उत्तर प्राणवायूत आहे. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर माशांचा श्वास चालतो, आणि पाणी जसे तापते तसे त्यात हा वायू कमी मावतो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांस सुमारे ७.५ मिलिग्रॅमच राहतो. इकडे तापलेल्या पाण्यात माशाची भूक व श्वास दोन्ही वाढलेली असतात. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो.

शिवाय उन्हाने तापलेले वरचे पाणी हलके होऊन वरच राहते आणि खालचे थंड, जड पाणी त्याच्याखाली अडकून पडते. वारा न लागल्यास दोन्ही थर मिसळत नाहीत. तळाशी कुजणारी पाने, मेलेले शेवाळ व सांडपाण्यातून आलेली घाण खालच्या थरातील प्राणवायू खाऊन टाकते. वर हिरवेगार पाणी आणि खाली प्राणवायूविना काळा गाळ, अशी स्थिती होते. कोयनेसारख्या डोंगरांत दाटलेल्या खोल जलाशयात असे थर पडण्यास अधिक वाव असतो. पैठणजवळच्या जायकवाडीसारख्या पसरट व वाऱ्याच्या तोंडी असलेल्या जलाशयात वारा पाणी ढवळीत राहतो. उजनीत दोन्ही प्रकार सापडतात. वरच्या अंगास पसरट, भिंतीकडे खोल. त्यातच पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी नद्यांतून तेथे येऊन पोचते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी हिरवे पडते. हिरवे पाणी दिवसा प्राणवायू तयार करते खरे, पण रात्री तेच शेवाळ तो वापरू लागते. म्हणूनच पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि मासे पृष्ठावर येऊन तोंडे उघडताना दिसतात ते याच वेळी.

खालचे पाणी राहण्याजोगे आहे की नाही हे पाहण्यास यंत्रच हवे असे नाही. एका बाटलीच्या तळाशी दगड बांधावा. बुचाला वेगळी दोरी बांधून बाटली हवी तितकी खोल सोडावी व झटका देऊन बूच काढावे. बुडबुडे थांबले म्हणजे बाटली वर ओढून पाण्याचा वास घ्यावा. सडक्या अंड्यासारखा वास आल्यास त्या खोलीवर जाळे टाकणे व्यर्थ आहे. दोन-दोन हातांनी वर येत हाच प्रयोग करावा. वास जेथे थांबतो त्याच्या वरचे पाणी तेवढे माशाचे. गावच्या तरुणांना ही युक्ती एकदा दाखविली तर ती ते विसरत नाहीत. जाळे तळापर्यंत सोडले असता खालचा भाग काळ्या चिखलाने माखून येतो व त्यात अडकलेला मासा मेलेलाच निघतो, ही दुसरी खूण होय.

जुन्या नदीचा मागोवा

जलाशयाच्या पोटात जुनी नदी अजून आहे, हे ध्यानी धरले म्हणजे अर्धे काम झाले. पाणी उतरू लागते तसा शिवडा पसरट भाग सोडून या जुन्या पात्राकडे सरकतो. पात्राच्या अगदी मध्यात तो क्वचितच असतो. दिवसा तो पात्राच्या कडेला, जेथे जमीन एकाएकी खाली उतरते तेथे, दरडीच्या कपारींत, बुडालेल्या बाभळींच्या बुंध्यांखाली, पडक्या भिंतींच्या आडोशास व जुन्या पुलांच्या पायांशी पडून राहतो. त्याला सावली हवी, पाठीस आधार हवा आणि समोरून जाणारे लहान मासे हवेत. तिन्ही गोष्टी जेथे मिळतात ती जागा तो सहसा सोडत नाही.

अशा जागा शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दोरी व दगड. दोरीला दर हातास गाठ मारावी आणि होडीने जलाशय आडवा कापीत ठराविक अंतरावर खोली मोजावी. खोली एकदम वाढली की पात्राची कड आली. दोन्ही काठांवरील ठळक झाडे, टेकड्या, विजेचे खांब यांच्या रेषा धरून ती जागा लक्षात ठेवता येते. त्याहूनही स्वस्त मार्ग म्हणजे धरणापूर्वीची नदी पाहिलेल्या वृद्धांना विचारणे. डोह कोठे होते, उतार कोठे होता, खडकाळ भाग कोणता, ओढा कोठे मिळत असे, हे त्यांना तोंडपाठ असते. असे लोक आता थोडे उरले आहेत. विस्तार कार्यकर्त्याने त्यांना सोबत घेऊन गावच्या हद्दीतील पात्राचा एक साधा नकाशा करून ग्रामपंचायतीत ठेवल्यास तो पुढे कित्येक कामांस उपयोगी पडेल.

शिंगाळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो तळाशी चरणारा मासा. किडे, शिंपले, कोळंबी, लहान मासे असे जे मिळेल ते खातो. त्याला मऊ पण न कुजलेला तळ लागतो. उतरत्या काठापासून थोडे आत, जेथे माती व वाळू मिसळलेली असते तेथे तो अधिक आढळतो.

दिवस मावळला की दोघांचेही वागणे बदलते. कपारीत पडलेला शिवडा बाहेर येतो व लहान माशांच्या मागे उथळ पाण्याकडे जातो. पाच-सहा फूट पाण्यातही रात्री मोठा शिवडा सापडतो, याचे कारण हेच. म्हणून लांब दोरीचे गळ सायंकाळी मांडून पहाटे उचलण्याची भोई लोकांची रीत शास्त्राला धरून आहे. शिवड्यास जिवंत लहान मासा, शिंगाळ्यास गांडूळ किंवा कोंबडीची आतडी, ही आमिषे नेहमीची. पहाटेनंतर गळ तसेच राहू दिल्यास उन्हाने तापलेल्या पाण्यात मासा लवकर मरतो व बाजारात त्याचा भाव पडतो.

वाऱ्याकडेही लक्ष असावे. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो. तो पृष्ठावरचे शेवाळ व सूक्ष्म जीव पूर्वेकडच्या काठावर लोटतो. त्यांच्यामागे लहान मासे जातात, आणि लहान माशांच्या मागे मिशाळ मासे. दोन-तीन दिवस वारा एकाच दिशेने वाहिला असेल तर ज्या काठावर लाटा आपटतात त्याच काठाच्या खोलगट भागात रात्री गळ टाकावेत. तेथे पाणी ढवळलेले असल्याने प्राणवायूही बरा असतो.

सापडणारा मासा कोणता?

येथवर सांगितलेले सर्व ध्यानी ठेवून जो मच्छीमार ज्येष्ठाच्या सुमारास जलाशयावर जाईल, त्याला मासा बहुधा मिळेल. पण त्या दिवसांत मिळणारा मासा हा साधा मासा नसतो, आणि या विषयातील खरी अडचण येथेच आहे.

शिंगाळा पावसाची वाट पाहत नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धातच त्याची वीण सुरू होते. नर उथळ पाण्यात तळाच्या मऊ मातीत वाटोळा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि नर तेथून न हलता राखण करतो. याच कुळातील एका जातीत नराच्या पोटाकडील कातडीतून पाझरणाऱ्या स्रावावर पिले काही दिवस पोसली जातात, असे निरीक्षकांनी नोंदवून ठेवले आहे. खळग्यावरचा नर जवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर धावून जातो, म्हणून तो गळाला सहज लागतो. तो उचलला की अंडी व पिले उघड्यावर पडतात आणि इतर मासे ती काही तासांत फस्त करतात. मच्छीमाराच्या टोपलीत एक मासा पडतो. जलाशयातून एक वीण जाते. जलाशयाची पातळी भराभर उतरली तर उथळातील खळगे कोरडे पडतात, ती हानी वेगळीच.

शिवडा मात्र पावसावर अवलंबून आहे. मृगाच्या आगेमागे वळवाचा जोराचा पाऊस होऊन ओढ्यांचे गढूळ पाणी जलाशयात उतरू लागले की अंड्यांनी भरलेल्या माद्या ओढ्यांच्या मुखांशी जमतात आणि नव्याने बुडालेल्या गवताळ काठावर अंडी घालतात. या दोन-चार रात्रींत ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावणाऱ्यास जितका शिवडा मिळतो तितका एरवी महिनाभरात मिळत नाही. पोट फुगलेल्या मादीत हजारोंनी अंडी असतात. हा मासा दोन-तीन वर्षांचा झाल्याखेरीज विणीस येत नाही, तेव्हा मोठ्या माद्या एकदा संपल्या की त्यांची जागा भरून येण्यास वर्षे लागतात. कटला-रोहूप्रमाणे शिवड्याची बोटुकली दर वर्षी जलाशयात सोडली जात नाहीत. जी काही भर पडते ती त्याच्या स्वतःच्या विणीतूनच. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत हा मासा 'असुरक्षित' या वर्गात घातलेला आहे. एके काळी भीमेच्या प्रत्येक डोहात असलेला मासा या यादीत जावा, ही गोष्ट नदीकाठच्या लोकांना विचार करावयास लावणारी आहे.

पावसाळ्यातील मासेमारीची बंदी पाळणे आवश्यकच आहे, परंतु शिंगाळ्याची वीण त्याआधीच चालू होत असल्याने तेवढ्याने भागत नाही. ज्या जागा शोधण्याची रीत वर सांगितली, त्यांपैकीच काही जागा संस्थेने आपण होऊन वगळल्या पाहिजेत. गावाच्या हद्दीतील पात्राचा एक डोह आणि एका ओढ्याचे मुख चैत्रापासून पहिल्या पुरापर्यंत कोणी हात लावू नये, असा ठराव संस्थेच्या सभेत करता येतो. हे काही नवीन नाही. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या महसीर राखले आहेत. जेथे देवाचा धाक आहे तेथे सभेचा ठराव लागत नाही. जेथे तो नाही तेथे ठरावच करावा लागेल.

राखण्याचे काम संस्थेच्या वहीपासून सुरू होते. दर दिवशी कोणत्या जागी, किती खोलीवर, कोणता मासा, किती वजनाचा मिळाला आणि मादीच्या पोटात अंडी होती काय, एवढी नोंद ठेवली तर दोन उन्हाळ्यांत त्या जलाशयातील विणीचा काळ गावापुरता निश्चित कळतो. तो दर जलाशयागणिक थोडा पुढेमागे असावयाचाच.

काठावरचा शेतकरी

पाणी ओसरलेल्या गाळपेर जमिनीत कलिंगड, काकडी, चारा अशी पिके घेतली जातात. त्यांवर मारलेली औषधे पहिल्या वळवाबरोबर थेट जलाशयात उतरतात, आणि नेमका तोच शिवड्याच्या विणीचा काळ असतो. तेव्हा वैशाखानंतर पाण्यालगतच्या वाफ्यांवर फवारणी टाळावी. रिकामे डबे पाण्यात धुऊ नयेत. पाणी दूर गेल्यावर पंपापर्यंत ते आणण्यासाठी शेतकरी गाळातून चाऱ्या खोदतात. या चाऱ्यांत शिवडा आसऱ्यास येतो. पंपाच्या तोंडाला जाळी घट्ट बसवावी, म्हणजे पिले खेचली जात नाहीत व पंपही तुंबत नाही. पातळी आणखी उतरून चारी जलाशयापासून तुटू लागली तर तिच्यात अडकलेले मासे वेळीच मोकळ्या पाण्यात सोडून द्यावेत.

लहान गावतळी व पाझर तलाव यांत प्रश्न वेगळा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेखाली उन्हाळ्यात गाळ काढला जातो व तो शेतात पसरला जातो. गाळ काढताना तळ सर्वत्र सपाट न करता एका कोपऱ्यात, शक्यतो झाडांच्या सावलीच्या बाजूस, चार-पाच हात अधिक खोल खड्डा राखावा. कडक उन्हाळ्यात तळे आटले तरी तेवढ्या पाण्यात काही मासे तग धरतात. देशी मागूर व शिंगी यांना हवेतील प्राणवायू घेण्याचा जादा अवयव असल्याने ते थोड्या पाण्यातही जगतात. मात्र शिंगीचा काटा विषारी आहे, मुलांना त्यात हात घालू देऊ नये.

मागुराचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. बाजारात मागूर म्हणून विकला जाणारा मोठा मासा बहुधा आफ्रिकी मागूर असतो. देशी मागूर अर्ध्या किलोच्या आसपासच राहतो. दोन-तीन किलोंचा मागूर कोणी दाखविला तर संशय घ्यावा. आफ्रिकी मागुराच्या पैदाशीस व विक्रीस देशात बंदी असून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१९ मधील आदेशानंतर महाराष्ट्रात त्याची तळी नष्ट करण्याची कारवाई झाली आहे. हा खादाड मासा पुराच्या पाण्याबरोबर तळ्यातून निसटून जलाशयात गेला तर शिवड्या-शिंगाळ्यांची पिले व त्यांचे अन्न दोन्ही फस्त करतो. शेततळ्यात तो कोणी सोडला असल्याचे आढळल्यास पाऊस सुरू होण्यापूर्वीच मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयास कळवावे. पहिल्या पुराने तळ्याचा बांध ओलांडल्यानंतर काहीच करता येत नाही.